काळी आलेली ओढणी

खमरिया, जबलपूर
२१ जून १९६६

विनता,

वर काय लिहावं यातच पाच मिनिटं गेली. लग्नाला दहा वर्षं झाली आणि तुला पत्र लिहायची ही दुसरी वेळ, म्हणून सवय नाही. आशीर्वाद समज. ज्योतीला पापा.

तू गेलीस त्याला अकरा दिवस झाले. श्रीपाद मोटारस्टँडवर माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. धाकट्या मेव्हण्यानं इतकं फुगायचं कारण नव्हतं. बहिणीला माहेरी न्यायला आला होता, तुरुंगातून सोडवायला नव्हे. मला वाटलं होतं, तिलवाऱ्याचा पूल ओलांडताना तुला रडू येईल. ज्योतीच्या कार्डावरून कळलं, आई बसमध्ये झोपली होती. छान.

शेजारच्या हेमलतावहिनी रोज विचारतात. मी सांगतो, नागपूरला सासऱ्यांची तब्येत बरी नाही. त्यांना खरं वाटत नाही, पण वाटीभर भाजी देतात आणि पुढं विचारत नाहीत. भात मी स्वतः लावतो. दोनदा करपला.

तुझं म्हणणं एकच आहे: मास्तरांना खरं लिहा, मग मी येते. आता माझी बाजू ऐक. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, हा एक फायदा आहे.

सप्टेंबरात लढाई लागली, तेव्हापासून डिसेंबरपर्यंत आम्ही फॅक्टरीत बारा-बारा तास काढले. रविवार म्हणून नव्हता. जानेवारीत पंधरा दिवसांची रजा मिळाली आणि मी कॅमेरा घेऊन बाडमेरकडं गेलो. तू म्हणालीस, "लोक रजेत घर पाहतात, हे दारूगोळ्यातून सुटले की वाळूत चालले." तरी लाडू बांधून दिलेस. माणसाला एखादा शौक असतो, विनता. आमच्या सेक्शनचा नीलकंठ पत्ते खेळतो, मी फोटो काढतो. वाळवंटातली माणसं कशी राहतात ते मला बघायचं होतं. रोहिडीच्या ढाणीत मी तीन दिवस राहिलो. दहा-बारा गोल झोपड्या, भोवती काटेरी कुंपण, अन् मग चारी बाजूंना वाळूच वाळू. खेताराम त्याच्या उंटावर मला फिरवायचा. त्याची बायको गवरां भांडी वाळूनं घासायची, पाण्याचा थेंब न लावता, आणि ती आपल्या घरच्या भांड्यांपेक्षा लखलखीत असायची. पाण्याच्या टाक्याला कुलूप होतं. तुपाच्या डब्याला नव्हतं. हे सगळं तुला मी शंभरदा सांगितलंय.

त्या फोटोपायी हे सगळं झालं. गवरां दारात मडकं घेऊन उभी आहे, शेजारी तिची मुलगी धापू, आणि मागं कुंपणाशी लढाईत पडून राहिलेला एक तोफगोळा. तिथं उभा असताना मला तो दिसलाही नाही. मी उन्हाकडं आणि तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो. घरी प्रिंट काढल्यावर दिसला.

एप्रिलात तिथल्या शाळेच्या श्यामसुंदर मास्तरांचं पत्र आलं. ढाणीत लिहितावाचता येणारे ते एकटेच. खेतारामला त्या गोळ्याला भोक पाडून, दोर ओवून, विहिरीच्या चाकाला वजन म्हणून बांधायचा होता. मास्तरांनी लिहिलं होतं, आप गोला फैक्टरी के आदमी हैं, फोटो आपके पास है, देखकर बताइए, डर तो नहीं? मी भिंग घेऊन पाहिलं. गोळ्यावर पट्टा होता, काळा. सतरा वर्षं मी तपासणीत पट्टेच बघतोय. लाल म्हणजे आत दारू, काळा म्हणजे सरावाचा, पोकळ. तुझं हिंदी अक्षर चांगलं म्हणून मी सांगितलं आणि तू लिहिलंस, "गोला खाली है. बेखटके काम में लीजिए." खाली मी सही केली.

मे महिन्यात खेतारामनं छिन्नी लावली आणि गोळा फुटला. तो जागीच गेला. धापू भाजली. मला वाईट वाटलं नाही असं तुला वाटतं का? दोन दिवस मी जेवलो नव्हतो, ते तू पाहिलंस. पण छिन्नी मी मारली नाही. मला काळा दिसला, मी काळा धरला. तिकडच्या उन्हात रंग काळवंडला असेल, तेलकट धूर बसला असेल, मी इथं बसून काय करणार?

यापलीकडं मला लिहायचं काही नाही. ज्योतीची शाळा एक जुलैला उघडते. तोवर ये.

चिंतामणी


खमरिया
९ जुलै १९६६

विनता,

तुझं कार्ड आलं. पंधरा दिवस वाट बघितली आणि दोन शब्द: "लिहिलंत का?" उघड्या कार्डावर लिहिलंस, म्हणजे पोस्टमननंही वाचलं. तो आता माझ्याकडं उत्तर मागायचा तेवढा राहिला आहे.

नाही लिहिलं. का नाही, ते ऐक.

खेतारामच्या भावाला, भूरारामला, धरून दीड महिना होतो आहे, हे मला तुझ्याइतकंच माहीत आहे. ठाण्याचं म्हणणं, लढाई संपून आठ महिने झाले तरी भरलेला गोळा घरात कसा? कोणासाठी लपवला? सीमा तिथून दहा कोसांवर. खेताराम तर गेला, म्हणून भावाला उचललं. मास्तरांनी आपलं पत्र नेऊन दाखवलं, की यांनी लपवलं नव्हतं, उलट विचारून वापरायला घेतलं. ठाणेदार म्हणाला, अक्षर बाईचं, सही पुरुषाची, शिक्का कुठलाच नाही, असलं पत्र कोणीही लिहील. आता मास्तरांची विनंती एवढीच, की मी कबूल करावं. "पत्र माझं, सल्ला माझा." आणि त्यावर माझ्या साहेबांची साक्ष घ्यावी.

साहेबांची साक्ष! तू फॅक्टरीवाल्याची बायको आहेस, तुला मी काय सांगू. दारूगोळ्याबद्दल बाहेर एक अक्षर लिहायचं नाही, अशी आम्ही नोकरीला लागतानाच सही करतो. मी तर चक्क सल्ला लिहून पाठवला. साहेबांपुढं तो कागद ठेवायचा म्हणजे आपल्याच हातानं आपली मान द्यायची. नोकरी जाईल, क्वार्टर जाईल, वर खटला. दिवाळीत चार्जमनच्या बढतीची यादी निघणार आहे आणि यंदा माझं नाव आहे. ज्योती आठ वर्षांची आहे. तू सांग, एका अनोळखी माणसासाठी मी तिला रस्त्यावर आणू?

अनोळखी म्हटलं, ते चुकलं. भूरारामनं मला पहिल्या दिवशी स्वतःचं पांघरूण दिलं होतं. आपण उंटाच्या झुलीत झोपला.

काल निगेटिव्हचा डबा काढून बसलो. छत्तीस चित्रं आहेत. उंट विहिरीचा दोर ओढत लांब जातो आहे. बाजरीच्या रोट्या थापणारे हात. म्हातारी बकरीच्या पायातला काटा काढते आहे. तुला आठवतं, मार्चात मी त्यांना फोटो पाठवला तेव्हा मास्तरांचं काय उत्तर आलं होतं? गवरांनं फोटोसाठी पेटीतली लग्नाची ओढणी काढली होती, कुंकवासारखी लाल. फोटोत ती काळी आली. तिनं निरोप धाडला, "मेरा आदमी जिंदा बैठा है, मुझे काली ओढ़नी काहे पहना दी? हमारे यहाँ तो वो विधवा ओढ़ती है." आपण दोघं किती हसलो होतो! तू म्हणालीस, बिचारीला एक रंगीत फोटो पाठवा.

असो. ते आता कशाला.

मी नाही म्हणत नाही. थोडा वेळ दे. यादी निघू दे, मग बघतो.

चिंतामणी


खमरिया
१८ ऑगस्ट १९६६

प्रिय विनता,

आधी तुला हवी ती बातमी. मास्तरांना लिहिलं. सगळं स्पष्ट लिहिलं आणि परवा रजिस्टर केलं. आता तरी माझ्यावरचा राग सोड.

दुसरी बातमी. पंधरा ऑगस्टला क्लबात प्रदर्शन होतं. मी नको म्हणत होतो, पण नीलकंठनं परस्पर माझा फोटो दिला. गवरांचा. पहिलं बक्षीस मिळालं. मोठ्या साहेबांच्या बाई चष्मा वर करून पाच मिनिटं त्यापुढं उभ्या होत्या. म्हणाल्या, या काळ्या ओढणीत वाळवंटाचं सगळं दुःख उतरलं आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही हात जोडले.

आता तो फोटो क्लबात दाराशी लावला आहे. येता-जाता दिसतो. परत मागितला तर का मागतो म्हणून विचारतील. मी हल्ली मागच्या दारानं जातो, तिकडून सायकल ठेवायला बरं पडतं.

भोपळ्याचा वेल छपरावर गेला. ज्योतीचं शाळेतलं नाव अजून कापलेलं नाही, मी बाईंना सांगून ठेवलं आहे. तिचा फ्रॉक दोरीवर राहून गेला होता, तो घडी करून ठेवला. उतरवून चार दिवस झाले असतील, अजून पाठवला नाही.

तुझा,
चिंतामणी


खमरिया
२ सप्टेंबर १९६६

विनता,

रजिस्टरची पावती पाठवा, असं तू लिहिलंस. तुला मी ओळखतो आणि तूही मला ओळखतेस, हेच वाईट आहे.

पावती नाही. पत्र लिहिलं होतं, हे खरं. चार पानं. सकाळी ड्यूटीवर जाताना पोस्टापर्यंत नेलं, खिडकीपाशी रांगेत उभा राहिलो, माझ्यापुढं दोनच माणसं होती. भोंगा झाला आणि मी निघून आलो. पत्र संध्याकाळी चुलीत घातलं.

आज खरं लिहितो. सगळं.

गेल्या रविवारी छापखान्यातल्या अच्युतकडं गेलो होतो. लढाईत बाजारात फिल्म मिळेनाशी झाली, तेव्हा त्यानंच मला तिथली फिल्म कापून दिली होती. ठसे बनवायला वापरतात ती. मी निगेटिव्ह घेऊन गेलो आणि विचारलं, अच्युत, ही फिल्म सगळे रंग नीट पकडते ना? त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला गोळ्याचं काही माहीत नाही.

"काहून रे, चिंतामणी? डोकं ठिकाणावर आहे ना? लाल दिव्याखाली धुवून राहिलास ना तू ही फिल्म?"

"हो."

"मग? तिला लाल दिसत असतं तर तुझी फिल्म तिथंच जळली असती. दिसत नाही म्हणून तर लाल दिवा चालतो. लाल म्हणजे तिच्या लेखी अंधार. कागदावर काळंच येणार."

"विसरलो होतो."

"असं कसं विसरशील, यार? मीच शिकवलं ना तुला. चल, चहा घे."

मी चहा घेतला. साखर जास्त झाली म्हणून तक्रारही केली. असा मी आहे.

विसरलो नव्हतो, विनता. आपल्या न्हाणीघरात तो लाल दिवा मी स्वतः लावला. तू ट्रे हलवायचीस, मी फिल्म उलटायचो, तुझ्या कुंकवाचा रंग त्या उजेडात नाहीसा व्हायचा आणि मी तुला चिडवायचो. गवरांच्या ओढणीवर आपण हसलो, तेव्हा हसण्याचं कारण मला पुरतं माहीत होतं. लाल ओढणी काळी आली, हे ज्या कागदावर मी बघत होतो, त्याच कागदावर, तिच्या खांद्यामागं, तो पट्टा होता. आणि महिन्याभरानं भिंग लावून मी म्हणालो, काळा.

कसं झालं ते सांगतो. मास्तरांचं पत्र वाचून मला बरं वाटलं होतं. इथं मला कोण विचारतं? सतरा वर्षं साहेब बोट दाखवतात तिथं मी शिक्का मारतो. हजार मैलांवरून कोणी आपल्याला विचारतं आहे, तुम्ही जाणकार आहात, सांगा. मला ताबडतोब सांगायचं होतं. तू लिहिता लिहिता थांबलीस आणि म्हणालीस, "अहो, नक्की ना? काहून एवढी घाई करून राहिले?" मी म्हणालो, "तुला काय कळतं गोळ्यातलं? लिही." तू लिहिलंस.

आणखी एक. ते मी तुझ्यापासून लपवलं. धापू नुसती भाजली नव्हती. जूनच्या शेवटी जोधपूरच्या दवाखान्यात ती वारली. मास्तरांचं कार्ड मला दोन जुलैला मिळालं. नऊ तारखेच्या पत्रात मी तुला ओढणीचा विनोद लिहिला, तेव्हा ते कार्ड माझ्या खिशात होतं.

पाच वर्षांची होती. मला फार वाईट वाटतं. याहून चांगला शब्द मला सापडत नाही.

पण आता मी कबूल केलं तरी ती परत येणार नाही. म्हणून विचार करतो आहे, काय केलं म्हणजे आता कोणाचंच आणखी वाईट होणार नाही. मला आठ-पंधरा दिवस दे.

चिंतामणी


खमरिया
२० सप्टेंबर १९६६

प्रिय विनता,

हे पत्र शांतपणे वाच. मध्येच फाडू नकोस. सोबतचा कागद आधी बघू नकोस.

तू चिठ्ठी पाठवलीस, की पंधरा दिवसांत तुम्ही गेला नाहीत तर मी जाते. तू एकटी बाडमेरला जाणार, ही धमकी मला खरीच वाटली, म्हणून मी सिहोऱ्याला जाऊन चंद्रशेखर वकिलांना भेटलो. नीलकंठचे मेव्हणे. भला माणूस आहे, फी घेतली नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तोड काढली. ती ऐकल्यावर मला पहिल्यांदा नीट झोप लागली.

ठाण्याला काय हवं आहे? ते पत्र खरंच जबलपूरहून गेलं आणि या लोकांनी विचारूनच गोळ्याला हात लावला, एवढाच पुरावा. पत्र कोणाच्या अक्षरात आहे? तुझ्या. मग तू लिहून दे, की पत्र मी लिहिलं. ते खरंच आहे. पुढं फक्त एक ओळ वकिलांनी घातली आहे, की पती ड्यूटीवर असताना, त्यांच्या अपरोक्ष, त्यांचं नाव घालून, अजाणतेपणी लिहिलं. सहीही तूच केलीस, असं.

लगेच रागावू नकोस. तुला कोणी काही करणार नाही. वकील म्हणाले, गृहिणी आहे, तिला दारूगोळ्यातलं काय कळतं, ठाणेदार दोन शब्द बोलेल आणि सोडून देईल. भूराराम घरी जाईल. माझी नोकरी राहील, दिवाळीत यादी निघेल, आपल्याला मोठं क्वार्टर मिळेल, ज्योतीला वेगळी खोली होईल. यात नुकसान कोणाचं आहे ते मला दाखव. तू जशी खरं बोलायच्या मागं लागली आहेस, तसं यातलं बहुतेक सगळं खरंच आहे.

मी हे माझ्यासाठी करतो आहे असं तुला वाटेल. थोडं माझ्यासाठीही आहे, नाही म्हणत नाही. पण मी गेलो तर तुम्हा दोघींना कोण बघणार? श्रीपादच्या जिवावर किती दिवस काढशील? त्याची बायको आज गोड बोलते. नवऱ्यासाठी बायका काय काय करतात. मी तर फक्त एक सही मागतो आहे.

जिथं सही करायची तिथं पेन्सिलीनं फुली केली आहे. तारीख घालू नकोस, ती वकील घालतील. उलट टपाली पाठव.

ज्योतीसाठी पेरू पाठवतो आहे.

तुझाच,
चिंतामणी


बाडमेर, धर्मशाळा
९ ऑक्टोबर १९६६

तुमचं पत्र आणि कागद मिळाला. फुलीच्या जागी सही केली नाही.

ज्योतीला आईजवळ ठेवून मी आणि श्रीपाद तीन तारखेला इथं आलो. कागद बरोबर आणला होता. लाल दिव्याबद्दलचं तुमचं दोन सप्टेंबरचं पत्रही आणलं होतं.

ठाण्यात मी सांगितलं, चिठ्ठी माझ्या हातची आहे. ठाणेदारांना खरं वाटेना. त्यांच्या लेखनिकानं कोरा कागद पुढं केला आणि म्हणाला, दीदी, वही दो लाइन फिर लिखिए. मी लिहिलं, गोला खाली है, बेखटके काम में लीजिए. अक्षर तेच आलं. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग विचारलं, आपको किसने बताया था? मी तुमचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, सेक्शन आणि क्वार्टरचा नंबर. तुमचं पत्र वाचून दाखवलं, मराठीतून हिंदी करत. वकिलांनी केलेला कागदही त्यांना दिला. फॅक्टरीला इथून पत्र जाईल. तुम्हाला आधी कळावं म्हणून हे सांगते.

भूराराम परवा सुटला. चार महिने दहा दिवस आत होता. त्याला उजव्या कानानं ऐकू येत नाही. घरचा बकऱ्यांचा कळप आता नाही. उंटही नाही. श्रीपादनं त्याला धरून मोटारीत बसवलं.

काल आम्ही त्याच्याबरोबर ढाणीवर गेलो. तुम्ही सांगितलं होतं तसंच आहे सगळं. गवरांनं आधी पाणी दिलं, वाटीभर. मग बसली. मी काय बोलणार होते ते वाटेत शंभरदा घोकलं होतं, ते काहीच आठवलं नाही. मी म्हटलं, ती चिठ्ठी मी लिहिली होती. मास्तरांनी तिच्या बोलीत सांगितलं. मग तुमच्या फिल्मचं सांगितलं, की तिला लाल रंग दिसत नाही, लाल असेल ते सगळं काळं उमटतं, म्हणून माझ्या नवऱ्यानं फोटोत बघितलं तेव्हा त्यांना पट्टा काळा दिसला. हे समजावून सांगायला मास्तरांना बराच वेळ लागला. तीन-चारदा सांगावं लागलं. ती सगळं ऐकत होती. मला वाटलं, तिला कळलंच नाही.

मग तिनं मास्तरांना विचारलं, पट्ट्याचा रंग बघूनच कळतं का, गोळा भरलेला आहे की रिकामा? मास्तरांनी मला विचारून तिला सांगितलं, हो, लाल असला तर भरलेला.

ती माझ्याकडं वळली. हळू हिंदीत बोलली, मला समजावं म्हणून.

"लाल ही तो था. आठ महीने मेरे आँगन में पड़ा था, मैं रोज़ देखती थी. चिट्ठी में पूछ लेते, मैं बता देती."

मी परत जबलपूरला येणार नाही.

विनता